कारवानी कुत्रा : आरोग्य व रोग

कारवानी कुत्रा ही दख्खनच्या पठारावरील मोठ्या चणीच्या, दृष्टीच्या आधारे सावजाचा पाठलाग करणाऱ्या कुत्र्यांची एक देशी जात होय. मराठवाड्यात लातूर व नांदेड जिल्ह्यांतील गावांत हा कुत्रा विशेषेकरून पाळला जातो. लातूर जिल्ह्याच्या चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव त्याच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. व्यापारी तांड्यांबरोबर म्हणजे कारवानांबरोबर ही जात पश्चिम आशियातून आली असावी, या समजुतीवरून तिला कारवानी हे नाव पडले. कर्नाटकातील मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिची जोपासना केल्यामुळे तिकडे ती मुधोळ या नावाने ओळखली जाते आणि याच नावाने भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये तिच्यावर तिकीट काढले. कान, शेपटी व पायांची मागील बाजू यांवर रेशमी लांब केस असणाऱ्या प्रकारास पश्मी म्हणतात. फार्सीत पश्म म्हणजे लोकर.

नराची खांद्यापाशी उंची साधारणपणे ६८ ते ७३ सेंमी. व मादीची त्याहून चार-पाच सेंमी. कमी असते. उंचीच्या मानाने वजन थोडे, म्हणजे २० ते २८ किग्रॅ. भरते. डोके लांब व निमुळते, मान लांब, छाती खोल, कंबर आत ओढलेली आणि कातडी पातळ असते. त्वचेखाली चरबीचा थर जवळजवळ नसतोच. या शरीररचनेचा आणि या कुत्र्याच्या आजारांचा निकट संबंध आहे. जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉर यांच्यासाठी ठरविलेले आहार, औषधे व तपासणीचे मापदंड त्यास जसेच्या तसे लावल्यास अपाय होण्याचा संभव असतो.

ही जात काटक समजली जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. मोठ्या चणीच्या अनेक विदेशी जातींत मांडीचे हाड व कंबरेची खोबण यांचा सांधा जन्मतः सैल असण्याचा विकार, म्हणजे हिप डिसप्लेसिया, सर्रास आढळतो. दृष्टीने शिकार करणाऱ्या कुत्र्यांत तो विरळा असतो. यामागे कोणतीही गूढ शक्ती नाही. जो कुत्रा धावू शकला नाही त्याची वीण पुढे चालविली गेली नाही, एवढेच त्याचे कारण होय. मात्र काटकपणाचा अर्थ रोगप्रतिकारक्षमता असा घेतला जातो व तेथे घोटाळा होतो. पायाचे सांधे मजबूत असलेल्या कुत्र्यास पार्व्होव्हायरस किंवा गोचीड ताप यांपासून तिळमात्र संरक्षण मिळत नाही. लातूर-नांदेडकडील कारवानी कुत्र्याचे खरे शत्रू आनुवंशिक विकार हे नसून संसर्ग, ऊन, सदोष आहार व चुकीचे उपचार हे आहेत. यांपैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट टाळता येण्यासारखी आहे.

अंगकाठी व आहार : निरोगी कारवानी कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कंबरेच्या हाडांची टोके स्पष्ट दिसतात. हे उपासमारीचे लक्षण नव्हे. शहरातील मालकास ते तसे वाटते व तो कुत्र्यास बरगड्या झाकेपर्यंत खाऊ घालतो. त्यामुळे बारीक हाडांच्या लांब पायांवर नसता भार पडतो. उलटपक्षी मांड्यांचे व पाठीचे स्नायू झडणे, केस राठ होणे आणि हिरड्या फिकट पडणे ही खऱ्या कृशतेची लक्षणे होत. बरगड्या मोजण्यापेक्षा मांडी चाचपून पाहणे अधिक भरवशाचे.

खेड्यात या कुत्र्याचा परंपरागत आहार म्हणजे ज्वारीची भाकरी, दूध किंवा ताक व क्वचित मांस. प्रौढ कुत्र्याचे त्यावर बरे भागते. परंतु झपाट्याने वाढणाऱ्या पिलांना तो अपुरा पडतो. तृणधान्ये व निव्वळ मांस या दोहोंत फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अत्यल्प असते. वाढत्या पिलास ही दोन्ही खनिजे साधारण समप्रमाणात, किंबहुना कॅल्शियम किंचित अधिक, मिळावी लागतात. ती तशी न मिळाल्यास शरीर हाडांतील कॅल्शियम काढून घेऊ लागते. मग पुढचे पाय बाहेर वाकतात, मनगटाचे सांधे सुजल्यासारखे जाड होतात, पंजे पसरतात आणि थोड्याशा उडीनेही हाड मोडते. लोक या सर्वांस सरसकट मुडदूस म्हणतात व पिलास उन्हात बांधून ठेवतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण माणसाप्रमाणे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्वचेत पुरेसे ड जीवनसत्त्व तयार करण्याची क्षमता कुत्र्यात नाही. ते त्यास अन्नातूनच मिळावे लागते. अंडे, दूध, मांसाबरोबर मऊ कच्ची हाडे किंवा तयार संतुलित खाद्य हे उपाय योग्य होत. कॅल्शियमच्या औषधाचा अतिरेकही तितकाच घातक असून मोठ्या चणीच्या पिलांत त्यामुळे सांध्यांच्या कूर्चा बिघडतात.

रक्त व तपासणीचे निष्कर्ष : वेगाने धावणाऱ्या कुत्र्यांचे रक्त इतरांहून वेगळे असते. ग्रेहाउंड या जातीत याचा सखोल अभ्यास झाला असून सालुकी इ. समगोत्र जातींतही तेच कमीअधिक प्रमाणात दिसून आले आहे. सामान्य कुत्र्याच्या रक्तात तांबड्या कोशिकांचे आकारमान सु. ३७ ते ५५ टक्के असते. ग्रेहाउंडात ते ५० ते ६५ टक्के भरते. बिंबाणूंची (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म घटकांची) संख्या मात्र कमी असते. अवटू ग्रंथीच्या स्रावाचे प्रमाण कमी, तर स्नायू भरपूर असल्यामुळे क्रिॲटिनिनाचे प्रमाण थोडे अधिक असते. हृदयही शरीराच्या मानाने मोठे असते व क्ष-किरण चित्रात ते रोगट वाटण्याचा संभव असतो.

व्यवहारात याचे महत्त्व मोठे आहे. तांबड्या कोशिकांचे प्रमाण ३८ टक्के आलेला कुत्रा प्रयोगशाळेच्या छापील तक्त्यानुसार निरोगी ठरतो. पण धावणाऱ्या जातीत तो बहुधा पांडुरोगी (रक्तक्षय झालेला) असतो. याउलट बिंबाणू थोडे कमी दिसताच गोचीड तापाचे निदान करून औषध सुरू करणे किंवा क्रिॲटिनीन किंचित वाढलेले पाहून वृक्क (मूत्रपिंड) निकामी झाल्याचे सांगणे, ही चूकही तितकीच सहज होते. कुत्रा निरोगी असतानाच एकदा रक्त तपासून तो कागद जपून ठेवला, तर पुढे आजारपणात तुलनेसाठी त्याच्याइतका चांगला आधार नाही.

शुद्धिहरण : शस्त्रक्रियेसाठी गुंगी देताना या शरीररचनेकडे दुर्लक्ष झाल्यास ते जिवावर बेतू शकते. थायोपेंटोनासारखी बार्बिट्युरेट गटातील औषधे शिरेतून दिल्यावर प्रथम मेंदूत व नंतर स्नायू आणि चरबीत पसरतात. मेंदूतील प्रमाण उतरले की जनावर शुद्धीवर येते. चरबी नसलेल्या कुत्र्यात औषधास जाण्यास ही वाट पुरेशी मिळत नाही. शिवाय ग्रेहाउंडाचे यकृत ही औषधे फार मंद गतीने विघटित करते, असेही आढळून आले आहे. परिणामी इतर जातींचा कुत्रा ज्या मात्रेने अल्पावधीत उठून बसतो, त्याच मात्रेने हा तासन्‌तास निपचित पडतो. त्या अवधीत त्याचा श्वास मंदावतो व अंग थंड पडते. म्हणून कारवानी कुत्र्यात थायोपेंटोन टाळावे. केटामीन व डायझेपाम यांचे मिश्रण, थोड्याथोड्या मात्रेने दिलेले प्रोपोफॉल किंवा हुंगविण्याचे आयसोफ्ल्युरेन ही औषधे त्यापेक्षा सुरक्षित होत. प्रोपोफॉलानंतरही शुद्ध येण्यास इतरांहून वेळ लागतो, हे ध्यानी ठेवावे. मात्रा अंदाजाने न ठरविता प्रत्यक्ष वजन करून ठरवावी, कारण उंचीवरून या कुत्र्याचे वजन नेहमीच जास्त वाटते. शस्त्रक्रियेच्या वेळी व नंतर कांबळे किंवा गरम पाण्याच्या पिशव्या वापरून ऊब द्यावी. ग्रेहाउंडात शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस उलटल्यावर जखमेतून रक्तस्राव सुरू झाल्याचे पुष्कळदा आढळते. त्यामुळे टाके घातले त्याच संध्याकाळी कुत्रा दूरच्या गावी न्यावयाचा झाल्यास पुढचे तीन दिवस जखमेवर लक्ष ठेवण्याची ताकीद मालकास द्यावी.

जठर फुगणे व पीळ पडणे : खोल व अरुंद छातीच्या सर्वच मोठ्या कुत्र्यांत हा आकस्मिक व अत्यंत गंभीर विकार संभवतो. जठरात वायू साठून ते फुगते आणि मग स्वतःभोवती फिरते. अन्ननलिकेकडील व आतड्याकडील अशी दोन्ही तोंडे त्यामुळे आवळली जातात. फुगलेल्या जठराच्या दाबाने हृदयाकडे परतणारे रक्त अडते, बरोबर प्लीहाही पिळली जाते आणि काही तासांत मृत्यू ओढवतो. कुत्रा ओकारीसाठी वारंवार मान ताणतो पण लाळेखेरीज काही पडत नाही. तो बेचैन होऊन ऊठबस करतो व बरगड्यांमागे पोट नगाऱ्यासारखे ताणलेले लागते. हिरड्या प्रथम लाल व नंतर पांढुरक्या होतात.

गाईगुरांची पोटफुगी शेतकऱ्यास चांगली परिचित असते व तिच्यावरील गोडेतेल पाजण्याचा उपाय तो कुत्र्यावरही करतो. कुत्र्यात तो निरुपयोगी तर आहेच, पण ओकारीच्या उमाळ्यात तेल फुप्फुसात जाऊन नवेच संकट उभे राहते. पोटावर डाग देणे हा प्रकारही तसाच. घरी करण्यासारखा इलाज नाही. मिळेल त्या वाहनाने शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात नेणे हाच मार्ग होय. तेथे तोंडातून नळी घालून अगर पोटाच्या भिंतीतून जाड सुई खुपसून वायू काढतात, शिरेवाटे द्रव देतात आणि पोट उघडून जठर सरळ करून ते पोटाच्या भिंतीस टाके घालून अडकवितात. असे अडकविले नाही तर विकार उलटण्याची शक्यता फार असते. दिवसभराचे अन्न एकाच वेळी न देता दोन-तीन वेळा विभागून देणे आणि जेवणानंतर तास-दोन तास पळू न देणे, हे प्रतिबंधाचे सोपे नियम आहेत. रात्री एकदाच पोटभर भाकरी कुस्करून घालून कुत्रा राखणीस शेतात सोडण्याचा परिपाठ या दृष्टीने धोक्याचा आहे.

उष्णता व धावणे : नांदेड हे गोदावरीच्या खोऱ्यात असून मे महिन्यात तेथील कमाल तापमान ४२° से. च्या आसपास व काही दिवस त्याहूनही वर जाते. लातूर बालाघाटच्या पठारावर असल्याने तेथे ऊन थोडे सौम्य भासते, इतकेच. बारीक अंग व आखूड केस यांमुळे कारवानी कुत्रा उन्हाळा इतर मोठ्या कुत्र्यांहून चांगला सोसतो, मात्र बसून असताना. धावताना त्याचे प्रचंड स्नायू अल्पकाळात इतकी उष्णता निर्माण करतात की धापा टाकून ती बाहेर टाकणे अशक्य होते. कुत्र्याचे स्वाभाविक तापमान ३८° ते ३९.२° से. असते. ते ४१° से. पुढे गेल्यास झोकांड्या, रक्ताची हगवण व झटके ही उष्माघाताची लक्षणे दिसू लागतात. अशा वेळी कुत्रा सावलीत घेऊन त्याच्या सर्वांगावर, विशेषतः पोट व जांघा यांवर साधे पाणी ओतून वारा घालावा. तापमान ३९.५° से. पर्यंत उतरले की पाणी थांबवावे. कुत्रा शुद्धीवर नसताना तोंडात पाणी ओतू नये. तो सावध झालेला दिसला तरी वृक्क व यकृत यांची हानी दोन दिवसांनी प्रकट होते, म्हणून पशुवैद्यास दाखविणे आवश्यक असते.

दुसरा विकार सवय मोडलेल्या कुत्र्यास होतो. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने शिकारीस बंदी घातली आणि ते योग्यच झाले. तथापि पिढ्यान्‌पिढ्या पळण्यासाठी घडविलेला हा प्राणी त्यानंतर बहुतांशी साखळीला बांधला गेला. महिनोन्‌महिने बांधलेला कुत्रा एखाद्या दिवशी शर्यतीत किंवा रानडुकरामागे जिवाच्या आकांताने धावला, तर त्याच्या मांडीचे व पाठीचे स्नायू फुटतात. ते ताठ होतात व दुखतात, लघवी काळसर तांबडी होते आणि स्नायूंतील रंगद्रव्य वृक्कांत अडकून ती बंद पडते. पुष्कळ द्रव शिरेवाटे देणे हा त्यावरील मुख्य उपचार. रोज पहाटे मोकळ्या रानात नियमित पळविणे हा प्रतिबंध.

जखमांपैकी बोटांची हाडे मोडणे, नख उपटणे व पातळ कातडी बाभळीच्या काट्याने किंवा तारेच्या कुंपणाने लांबवर फाटणे हे नित्याचे प्रकार आहेत. रानडुकराच्या सुळ्याची जखम बाहेरून लहान व आत खोल असते. ती वरवर शिवून टाकू नये. शेतातील कुत्र्यास नाग, घोणस, फुरसे, मण्यार यांचा दंश बहुधा मुस्कटावर वा पुढच्या पायावर होतो. आवळपट्टी न बांधता, चीर न देता त्वरित प्रतिविष टोचून घेणे हाच उपाय. माणसांसाठी तयार होणारे बहुप्रतिविष या चारही सापांवर चालते व तेच कुत्र्यास देतात. कापूस व सोयाबीनवर फवारण्याच्या औषधांनी आणि उंदरांच्या विषाने होणारे मृत्यूही खेडोपाडी ऐकू येतात.

गोचीड व गोचीड ताप : प्रौढ कारवानी कुत्र्याच्या आजारांत यास अग्रस्थान द्यावे लागेल. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड (ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस) ही गुरांवर नेहमी आढळणाऱ्या गोचिडीहून निराळी असते. अळी, अर्भक व प्रौढ या तिन्ही अवस्थांत ती रक्त पिण्यापुरती कुत्र्यावर येते, मग खाली उतरून भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत, छपराच्या वाशांत दडून कात टाकते. रक्ताने तट्ट फुगलेली मादी अशाच फटीत काही हजार अंडी घालते. न पोसलेल्या गोचिडी तेथे महिनोन्‌महिने जिवंत राहतात. एका वेळी कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या एकंदर गोचिडींपैकी अगदी थोड्या; बाकीच्या घरात असतात. म्हणून केवळ कुत्रा धुऊन हा उपद्रव हटत नाही. भिंतींच्या भेगा चुना-सिमेंटाने बुजविणे, कुत्र्याची जागा पक्की व कोरडी करणे आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने जागेवर पुन्हा फवारा मारणे आवश्यक असते.

या गोचिडीमार्फत एर्लिकिया कॅनिस हा सूक्ष्मजंतू आणि बॅबेसिया वर्गातील प्रजीव कुत्र्याच्या रक्तात शिरतात. हेपॅटोझून कॅनिस या तिसऱ्या परजीवीचा संसर्ग चाव्याने न होता, अंग चाटताना गोचीड गिळली गेल्याने होतो. एर्लिकियाच्या संसर्गात प्रथम ताप, अन्नावरील वासना उडणे, लसिका ग्रंथी सुजणे ही लक्षणे दिसतात व ती आपोआप मावळतात. कुत्रा बरा झाला असे मालकास वाटते. जंतू मात्र प्लीहेत टिकून राहतो. पुढे काही महिन्यांनी नाकातून रक्त येणे, पोटाच्या कातडीवर लाल-जांभळे ठिपके, डोळे गढूळ होणे, अस्थिमज्जा थकल्यामुळे तीव्र पांडुरोग असे जीर्ण रूप प्रकट होते आणि तेव्हा उपचार फारसे लागू पडत नाहीत. डॉक्सिसायक्लीन हे औषध सुरुवातीस दिल्यास उत्तम गुण येतो. ते सु. चार आठवडे द्यावे लागते. तीन-चार दिवसांत ताप उतरताच ते बंद करण्याची चूक फार घडते. बॅबेसियाजन्य रोगात तांबड्या कोशिका फुटून लघवी गडद व डोळे पिवळे होतात. बॅबेसिया व्होगेली या जातीवर नेहमीची औषधे चालतात. बॅबेसिया गिब्सोनाय मात्र चिवट असून तिच्यासाठी निराळे व खर्चिक उपचार करावे लागतात. म्हणून काचपट्टीवरील रक्ताची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केल्याखेरीज इंजेक्शन टोचू नये.

पिकांवर मारण्याचे कीटकनाशक पाण्यात कालवून कुत्र्यास आंघोळ घालण्याची पद्धत सर्वथैव त्याज्य होय. चरबी नसलेल्या, पातळ कातडीच्या या कुत्र्यास ते अधिकच बाधते. लाळ गळणे, स्नायू थरथरणे, बाहुल्या आकसणे व श्वास कोंडणे ही विषबाधेची लक्षणे दिसताच साबणाच्या पाण्याने अंग धुऊन पशुवैद्य गाठावा. ॲट्रोपीन वेळेवर मिळाल्यास प्राण वाचतात.

पिलांचे रोग : या जातीची सर्वांत मोठी हानी पहिल्या चार महिन्यांत होते. अंकुशकृमी आईच्या दुधातूनच पिलांच्या आतड्यात पोचतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काळी डांबरासारखी विष्ठा होऊन गुबगुबीत पिले एकाएकी फिकट पडून मरतात. दृष्ट लागल्याचा समज यातूनच आला असावा. पिले दोन आठवड्यांची असताना पहिले जंतनाशक द्यावे, नंतर आठव्या आठवड्यापर्यंत दर पंधरवड्यास द्यावे व त्याच वेळी आईसही द्यावे.

डिस्टेंपर हा जुना व्हायरसजन्य रोग असून त्यात ताप, डोळ्यांनाकातून पू, न्यूमोनिया आणि वाचलेल्या पिलांत कायमचे स्नायूंचे झटके उद्‌भवतात. पार्व्होव्हायरसाचा रोग मात्र १९७८ पासून जगभर पसरला. त्यात ओकाऱ्या व दुर्गंधीयुक्त रक्तमिश्रित जुलाब होऊन दोन-तीन दिवसांत पिलू सुकून जाते. व्हायरसावर थेट औषध नसले तरी शिरेवाटे द्रव, प्रतिजैविके व शुश्रूषा यांनी पुष्कळ पिले वाचतात. हा व्हायरस जमिनीत कित्येक महिने टिकतो. ज्या गोठ्यात एकदा पिले दगावली तेथे ब्लीचिंग पावडरीने जागा धुतल्यावाचून नवी वीण ठेवू नये.

दोन्ही रोगांवर प्रभावी लस उपलब्ध आहे, पण तिचे वेळापत्रक समजून घेणे अगत्याचे आहे. पहिल्या दिवशीच्या चिकातून आईची प्रतिपिंडे (रोगाशी झगडणारी प्रथिने) पिलास मिळतात व काही आठवडे टिकतात. तोवर ती लसीलाही निष्प्रभ करतात. हे संरक्षण कोणत्या आठवड्यात संपेल ते प्रत्येक पिलात वेगळे असते. म्हणून सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत लस पुन्हा टोचावी लागते. एकच लस टोचून पिलू मेले व लस वाया गेली, अशी तक्रार होते तिचे मूळ येथे आहे. मागणी वाढल्यापासून तीन-चार आठवड्यांचीच पिले आईपासून तोडून विकली जातात. त्यांची गणती तर लसीच्या आधीच हरवलेल्यांत करावी लागेल. पिलू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळच असावे.

जत्रा व प्रदर्शने हे संसर्गाचे प्रमुख स्थान होय. नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे यांच्या बाजाराबरोबर अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शनही भरविण्याची प्रथा आहे. अशा ठिकाणी दूरदूरचे कुत्रे एकत्र येतात. लशी पूर्ण न झालेले पिलू तेथे नेणे म्हणजे रोग विकत आणणे होय. प्रौढ कुत्र्याची लसही किमान दोन-तीन आठवडे आधी झालेली असावी.

पिसाळ रोग : हा रोग कुत्र्याइतकाच माणसाचाही आहे. जगातील रेबीजमृत्यूंपैकी सु. एक-तृतीयांश भारतात घडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. राखणीचा कुत्रा रात्री शेतात कोल्हा, मुंगूस किंवा भटका कुत्रा यांच्याशी झुंजतो व त्याचा चावा पुष्कळदा कोणाच्या नजरेस पडत नाही. तिसऱ्या महिन्यात पहिली लस, त्यानंतर पशुवैद्य सांगेल तेव्हा पूरक मात्रा व पुढे दरवर्षी एक, यात खंड पडू देऊ नये. रोगट कुत्रा गिळता न आल्याने तोंड उघडे टाकतो. घशात हाड अडकले असे समजून घरचा माणूस हात घालतो व संसर्ग ओढवून घेतो. कुत्रा चावल्यास किंवा त्याची लाळ जखमेस लागल्यास ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तीवर मिरची, चुना, हळद लावू नये व त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक असतो.

पैदाशीशी निगडित विकार : गावोगाव एखाद्या नामांकित नराकडे माद्या नेण्याची चाल असल्याने समागमातून पसरणारी जननेंद्रियांची गाठ अनेक कळपांत फिरते. फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी ही गाठ जिवंत कर्ककोशिकांच्या प्रत्यक्ष रोपणाने एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते. प्राणिजगतातील हा विरळा प्रकार होय. आठवड्यातून एकदा याप्रमाणे चार ते सहा वेळा व्हिन्क्रिस्टीन शिरेवाटे दिल्यास ती बहुधा पूर्ण बरी होते. लाजेपोटी नराचा मालक ती लपवितो व रोग पसरत राहतो. वयस्कर कुत्र्यात पायाच्या हाडाची दुखरी, वाढती सूज दिसल्यास ती मुरगळ समजून लेप लावीत बसू नये. मोठ्या चणीच्या कुत्र्यांत हाडाचा कर्करोग असाच सुरू होतो. दातांवरील कीटण व खरूज हे किरकोळ वाटणारे विकारही दुर्लक्षिल्यास कुत्र्यास खंगवितात.

याच एका नराच्या चालीचा दुसरा परिणाम सावकाश दिसून येतो. त्या नराची मुले व नाती पुन्हा त्याच्याकडेच आणली जातात, तेव्हा अंतःप्रजनन होऊन पिलांची संख्या व जोम घटतो आणि दबलेले सदोष जीन उघडे पडतात. उलट वेग वाढविण्याच्या हव्यासाने ग्रेहाउंडाशी संकर केला की दगडधोंड्यांत पळण्याची चिवट पावले व ऊन सोसण्याची शक्ती कमी होते. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ही जात मुधोळ हाउंड या नावाने नोंदली आहे व केनेल क्लब ऑफ इंडिया ती कॅरव्हान हाउंड म्हणून नोंदते. परंतु खेड्यातील बहुसंख्य कुत्र्यांच्या आईबापांची नावे मालकाच्या आठवणीतच असतात. प्रत्येक विणीची तारीख, नर, मादी, जगलेली व मेलेली पिले आणि मृत्यूचे कारण एका वहीत टिपून ठेवणे, हा कोणत्याही औषधाहून स्वस्त उपाय आहे. शस्त्रक्रिया, क्ष-किरण व रक्ततपासणी यांसाठी या भागातील पशुपालकांना उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालय (स्थापना १९८७) व परभणी येथील महाविद्यालय (स्थापना १९७२) ही जवळची केंद्रे आहेत. २००० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी, नागपूर, ती संलग्न असून लसीकरणाची सोय तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतही होते.